रोबोटची बॅटरी: आधी चार्जर ठरवा, मग सेल

दोन चाकांचा छोटा रोबोट टेबलावर यूएसबी केबलला जोडलेला असतो तोवर बिनचूक वागतो. केबल काढून फरशीवर सोडला की दोन फूट जातो, थबकतो, बोर्डावरचा दिवा मिणमिणतो आणि प्रोग्रॅम पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू होतो. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात आणि इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये हे दुखणं सारखंच दिसतं. संशय कोडवर घेतला जातो आणि ओळी तपासण्यात रात्री जातात. प्रत्यक्षात बहुतेक वेळा मायक्रोकंट्रोलरला, म्हणजे प्रोग्रॅम चालवणाऱ्या चिपला, क्षणभर पुरेसं व्होल्टेज मिळालेलं नसतं. ईएसपी३२ हा वाय-फाय असलेला मायक्रोकंट्रोलर तर सिरियल मॉनिटरवर, म्हणजे संगणकावर बोर्डाचे संदेश दाखवणाऱ्या खिडकीत, ‘ब्राउनआउट डिटेक्टर’चा संदेश छापून हे स्वतःच सांगतो.

याचं मूळ खरेदीच्या क्रमात आहे. पुण्याच्या बुधवार पेठेत, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत शिरलं की आधी चॅसिस, मोटर, बोर्ड आणि सेन्सर घेतले जातात. बॅटरी शेवटी, उरलेल्या जागेत आणि उरलेल्या पैशांत बसेल ती. चार्जरची आठवण ती बॅटरी पहिल्यांदा उतरल्यावर येते. हा क्रम उलटा करावा, असं आमचं ठाम मत आहे. रोबोट रोज कसा चार्ज होणार हे आधी ठरवा. त्यावरून सेल कोणता आणि किती हे ठरतं, सेलवरून व्होल्टेज ठरतं आणि व्होल्टेजवरून मोटर आणि ड्रायव्हर, म्हणजे बोर्डाच्या आज्ञेवरून मोटरला वीज देणारं सर्किट.

आधी मागणी मोजा

उदाहरण म्हणून सर्रास मिळणारा संच घेऊ: पिवळ्या गिअरबॉक्सच्या दोन बीओ मोटर, ईएसपी३२ बोर्ड, एचसी-एसआर०४ हा अंतर मोजणारा सेन्सर आणि तो फिरवायला एसजी९० सर्व्हो. सपाट फरशीवर चालताना एक बीओ मोटर ६ व्होल्टवर साधारण ०.२ अँपिअर घेते, म्हणजे दोन मिळून ०.४. वाय-फाय चालू असलेला ईएसपी३२ सरासरी ०.१२, सेन्सर ०.०१५ आणि मधूनमधून हलणारा सर्व्हो सरासरी ०.१. ५ व्होल्टच्या बाजूची ही बेरीज ०.२३५ अँपिअर, म्हणजे सुमारे १.२ वॅट होते. ८५ टक्के कार्यक्षमतेच्या बक कन्व्हर्टरमधून (व्होल्टेज उतरवणाऱ्या सर्किटमधून) ७.४ व्होल्टच्या पॅकवर त्याचा भार ०.१९ अँपिअर पडतो. एकूण सरासरी मागणी ०.६ अँपिअर झाली. पॅक २५०० एमएएचचा (मिलिअँपिअर-तासांचा) असेल आणि त्यातले ८० टक्केच वापरायचे ठरवले, तर २ अँपिअर-तास भागिले ०.६, म्हणजे तीन तासांहून थोडा जास्त वेळ रोबोट चालेल.

पण रोबोट थबकतो तो सरासरीमुळे थबकत नाही. चाक उंबरठ्याला अडलं किंवा मोटर थांबलेल्या अवस्थेतून सुरू झाली की ती स्टॉल करंट घेते. तो काढायची सोपी रीत अशी: मल्टिमीटर ओहमवर लावून मोटरच्या दोन टोकांमधला रोध मोजा. शाफ्ट थोडा थोडा फिरवत पाच-सहा जागी मोजा आणि सगळ्यांत कमी आकडा घ्या. ६ ओहम आला तर ६ व्होल्टवर स्टॉल करंट १ अँपिअर. दोन्ही चाकं अडली तर २ अँपिअर. त्याच क्षणी सर्व्हो अडकला आणि वाय-फायनेही झटका घेतला, तर पॅककडे जवळजवळ ३ अँपिअरची मागणी जाते. तार, स्विच, फ्यूज आणि सेल या ३ अँपिअरसाठी निवडायचे. ०.६ चा उपयोग फक्त रोबोट किती वेळ चालेल हे कळण्यापुरता.

एक झटका याहूनही मोठा असतो. पूर्ण वेगाने पुढे चाललेल्या मोटरला थेट उलटी आज्ञा दिली, तर मोटरने स्वतः निर्माण केलेलं व्होल्टेज आणि बॅटरीचं व्होल्टेज यांची बेरीज होते आणि क्षणभर स्टॉल करंटच्या दुपटीच्या आसपास प्रवाह वाहतो. ‘मागे वळताना रिसेट होतो’ या तक्रारीचं हे कारण. कोडमध्ये १०० ते २०० मिलिसेकंद थांबा द्या आणि पीडब्ल्यूएम (वीज भराभर चालू-बंद करून मोटरचा वेग ठरवणारा संकेत) शून्यापासून चढवत न्या, तक्रार जाते.

चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी विसरा

ती मल्टिमीटरमध्ये दीर्घकाळ टिकते कारण मल्टिमीटर काही मिलिअँपिअरच घेतो. आत सहा चिमुकले सेल असतात आणि त्यांचा अंतर्गत रोध मोठा असतो; साध्या झिंक-कार्बन प्रकारात तो अनेक ओहम भरतो. मोटरने अर्धा अँपिअर मागितला की ९ व्होल्टमधले कित्येक व्होल्ट बॅटरीच्या आतच खर्च होतात. अल्कलाइन घेतली तरी क्षमता ५०० एमएएचच्या घरातली. आणि ती चार्ज होत नाही, म्हणजे आमच्या पहिल्याच अटीत बाद.

उरतात तीन खरे पर्याय. शाळेच्या प्रयोगशाळेसाठी आणि लहान मुलांसाठी निकेल-मेटल-हायड्राइडचे पेन्सिल सेल उत्तम. एक सेल १.२ व्होल्टचा, सहा जोडले की ७.२. चुकून शॉर्ट झाला तर तापतो, पण लिथियमसारखा पेट घेण्याचा धोका फार कमी. २००० एमएएचचा सेल २०० मिलिअँपिअरने १४ ते १६ तास चार्ज करायचा, किंवा सेल भरल्यावर व्होल्टेजमध्ये येणारी किंचित घट ओळखून थांबणारा चार्जर घ्यायचा. त्याला लिथियमचा चार्जर कधीही लावू नका.

दुसरा पर्याय लिथियम-आयनचा गोल १८६५० सेल: व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५. पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट, नाममात्र ३.६ किंवा ३.७, आणि ३ च्या खाली नेऊ नये. एका छोट्या रोबोटसाठी आमची पहिली पसंती हीच.

तिसरा पर्याय लिथियम-पॉलिमरची (लिपो) चपटी थैली, जी ड्रोन आणि स्पर्धेचे रोबोट वापरतात. बालेवाडीच्या क्रीडा संकुलात २०१४ साली एबीयू रोबोकॉन ही आशिया-पॅसिफिकमधल्या विद्यार्थ्यांची रोबोट स्पर्धा झाली. तशा स्पर्धेत एक सामना तीन मिनिटांचा असतो. तिथे तासन्‌तास चालणं महत्त्वाचं नसतं, एका क्षणाला दहा-वीस अँपिअर मिळणं महत्त्वाचं. त्यासाठी लिपो योग्य. घरभर रेंगाळणाऱ्या रोबोटला तिची गरज नाही, आणि तिची पातळ थैली टोकदार वस्तूने फाटू शकते.

सेल घेताना वेष्टनावरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. नामांकित कंपन्यांचे १८६५० सेल साधारण ३५०० एमएएचपर्यंत जातात. ‘९९००’ छापलेला सेल खोटा आहे, मग तो कितीही स्वस्त पडो. ताजवा काढा: चांगला सेल ४५ ते ५० ग्रॅम भरतो, तीसच्या आसपास भरला तर परत द्या. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले सेल क्षमता दाखवतात, पण त्यांचा अंतर्गत रोध वाढलेला असतो आणि मोटर सुरू होताच ते बसतात.

एकाच सेलचा रोबोट: चार्जिंग सर्वांत सोपं

रोबोट तळहाताएवढा असेल आणि एन२० सारख्या छोट्या गिअर मोटर असतील, तर एकच सेल ठेवा. चार्जिंगसाठी टीपी४०५६ या चिपचं मॉड्यूल पुरतं, आणि ते मोबाइलच्या ५ व्होल्टच्या चार्जरवर चालतं. मॉड्यूल दोन प्रकारचं मिळतं. चार टोकांचं, म्हणजे सेलसाठी ‘बी’ आणि रोबोटसाठी ‘आउट’ असं वेगळं छापलेलं, तेच घ्या. त्यात डीडब्ल्यू०१ ही संरक्षक चिप असते. सेल साधारण २.४ व्होल्टला आला किंवा करंट ३ अँपिअरच्या पुढे गेला की ती पुरवठा तोडते. रोबोट ‘आउट’लाच जोडायचा. ‘बी’ला जोडला तर चालेल, पण संरक्षण बाजूला पडेल.

या मॉड्यूलबद्दल नेहमी येणारा एक प्रश्न: नवा सेल बसवला तरी ‘आउट’वर व्होल्टेज शून्य. मॉड्यूल बिघडलेलं नसतं. संरक्षक चिप अनेकदा बंद अवस्थेत जागी होते. यूएसबी चार्जर क्षणभर जोडला की पुरवठा सुरू होतो.

बाजारात मिळणारं मॉड्यूल १ अँपिअरवर लावलेलं असतं. २५०० एमएएचच्या सेलला ते ठीक. पण ५०० एमएएचची छोटी थैली त्यावर लावली तर तिला क्षमतेच्या दुप्पट वेगाने चार्ज केल्यासारखं होतं, आणि ती फुगू शकते. करंट ठरवणारा रेझिस्टर मॉड्यूलवर असतो, १.२ किलोओहमचा. हिशेब साधारण असा: १२०० भागिले ओहम म्हणजे अँपिअर. २ किलोओहम लावला की सुमारे ०.५८, ५ किलोओहमला ०.२५, १० किलोओहमला ०.१३. छोट्या थैलीला ५ किलोओहम लावा. मोठ्या सेललाही २ किलोओहम लावायला हरकत नाही, कारण ही चिप जादा व्होल्टेज उष्णतेत घालवते. सेल ३.२ व्होल्टवर असताना १ अँपिअरला ती जवळपास १.८ वॅट तापते, मग स्वतःच करंट कमी करते.

या मार्गातली वायरिंग अशी ठेवा: मोटर ड्रायव्हरला ‘आउट’वरून थेट सेलचं व्होल्टेज द्या, आणि ५ व्होल्टचा बूस्ट कन्व्हर्टर (व्होल्टेज चढवणारं सर्किट) फक्त मायक्रोकंट्रोलर आणि सेन्सरसाठी ठेवा. मोटरही ६ व्होल्टच्या बूस्टवरून चालवल्या, तर २ अँपिअर देण्यासाठी सेलकडून जवळजवळ ४ अँपिअर ओढले जातात आणि संरक्षक चिप सगळंच बंद करते. ड्रायव्हर डीआरव्ही८८३३ घ्या, तो २.७ व्होल्टपासून चालतो. ईएसपी३२ बोर्डावर बहुधा एएमएस१११७ हा रेग्युलेटर असतो. त्याला बाहेर ३.३ द्यायला आत साडेचारच्या आसपास व्होल्ट लागतात, म्हणून सेल थेट त्या बोर्डाच्या ५ व्होल्ट पिनला जोडू नका.

आता एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. रोबोट चालू ठेवून चार्जिंगला लावला तर टीपी४०५६ चा अंदाज चुकतो. करंट ठरवलेल्या मूल्याच्या दहाव्या भागावर, म्हणजे १ अँपिअरच्या मॉड्यूलवर ०.१ अँपिअरवर आला की ती ‘भरलं’ म्हणते. पण ईएसपी३२ एकटाच ०.१२ घेत असेल तर तो क्षण कधी येतच नाही. सेल तासन्‌तास ४.२ व्होल्टवर ताणलेला राहतो आणि लवकर म्हातारा होतो. सर्वांत साधा उपाय म्हणजे दोन बाजूंचा स्विच: एका बाजूला ‘चालव’, दुसऱ्या बाजूला ‘चार्ज’. चार्ज होताना रोबोट जागा राहायलाच हवा असेल, तर एक पी-चॅनल मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच), एक शॉटकी डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा) आणि १०० किलोओहमचा एक रेझिस्टर लागतो. मॉस्फेटचा ड्रेन सेलकडे आणि सोर्स रोबोटकडे. गेट चार्जरच्या ५ व्होल्टला, आणि तिथूनच तो रेझिस्टर ग्राउंडला. डायोड चार्जरच्या ५ व्होल्टवरून रोबोटकडे. चार्जर लागला की मॉस्फेट बंद होतो, रोबोट भिंतीच्या विजेवर चालतो आणि सेल एकटा, शांतपणे भरतो.

सेलच्या आत काय घडतं

चार्जिंगचे दोन टप्पे का असतात, हे समजलं की अर्ध्या चुका टळतात. चार्ज होताना लिथियमचे आयन ग्राफाइटच्या थरांमध्ये जाऊन बसतात. डेपोतून निघालेल्या रिकाम्या पीएमपी बसमध्ये पहिले प्रवासी भराभर चढतात. निम्म्याहून जास्त बाकं भरली की मागचा माणूस आत सरकेपर्यंत नव्याला दारात थांबावं लागतं. सेलचंही तसंच. म्हणून पहिल्या टप्प्यात ठरावीक करंट दिला जातो, क्षमतेच्या साधारण निम्मा. व्होल्टेज ४.२ ला पोचलं की दुसरा टप्पा: व्होल्टेज तिथेच धरून ठेवायचं आणि करंट आपोआप घटू द्यायचा. १ अँपिअरने २५०० एमएएचचा सेल भरायला म्हणूनच अडीचऐवजी तीन-साडेतीन तास लागतात.

घाई केली, किंवा सेल गोठणबिंदूखाली थंड असताना चार्ज केला, तर आयन थरांत न शिरता पृष्ठभागावरच धातूच्या रूपात साचतात. ती क्षमता परत येत नाही, आणि साचलेल्या धातूचे काटे आतला पडदा भेदून शॉर्ट करू शकतात. पुण्यात गोठण्याची भीती नाही. आपला धोका दुसऱ्या टोकाचा आहे: लिथियम-आयन सेल साधारण ४५ अंश सेल्सिअसच्या वर चार्ज करू नये. एप्रिल-मे महिन्यात दुपारी स्कूटरच्या डिकीत ठेवलेला रोबोट याच्या सहज वर जातो. घरी आणल्या आणल्या चार्जिंगला लावू नका. सेल हाताला थंड लागेपर्यंत थांबा.

दोन सेल ओळीने जोडले की

बीओ मोटरच्या रोबोटला ६ व्होल्ट हवेत, म्हणून तिथे दोन सेल ओळीने: नाममात्र ७.४, भरल्यावर ८.४ व्होल्ट. चार्जिंग इथे अवघड होतं, आणि चुकाही इथेच सर्वांत जास्त होतात.

पहिली चूक: बीएमएसला, म्हणजे सेलवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटला, चार्जर समजणं. बीएमएसची हिरवी पट्टी ही केवळ पहारेकरी असते. एखादा सेल ४.२५ ते ४.३ च्या वर गेला किंवा फार खाली आला की ती तोडते, एवढंच. राउटरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर तिला जोडला तर करंटवर कोणाचंच नियंत्रण नसतं आणि शेवटचा बचाव रोजचा बचाव होऊन बसतो. हवा आहे तो ८.४ व्होल्टचा, लिथियम-आयनसाठीच बनवलेला, करंट आणि व्होल्टेज दोन्ही सांभाळणारा चार्जर. किंवा आयपी२३२६ सारखी चिप असलेलं टाइप-सीचं मॉड्यूल, जे ५ व्होल्ट चढवून दोन सेल भरतं. रोज मोबाइलच्या चार्जरवर भरायचं असेल तर हे सोयीचं.

दुसरी चूक अधिक धोकादायक: दोन सेलना दोन टीपी४०५६ लावून दोन्हींना एकाच यूएसबी चार्जरवरून वीज देणं. वरच्या सेलचा मायनस म्हणजे खालच्या सेलचा प्लस. दोन्ही मॉड्यूलचं ग्राउंड चार्जरमध्ये एकत्र आलं की खालचा सेल थेट शॉर्ट होतो. तारा लाल होईपर्यंत तापतात.

तिसरी गोष्ट असमतोलाची. दोन सेल कधीच तंतोतंत सारखे नसतात. एक ४.२ ला पोचला तेव्हा दुसरा ४.० वर असेल, तर प्रत्येक फेरीत फरक वाढत जातो. जोडण्यापूर्वी दोन्ही सेल वेगवेगळे ४.२ पर्यंत भरून घ्या. बीएमएस ‘बॅलन्स’ची, म्हणजे सेलमधला फरक मिटवणारी, असल्याची खात्री करा; स्वस्त पट्ट्यांत ती सोय बहुधा नसते. महिन्यातून एकदा दोन्ही सेल वेगळे मोजा. फरक ०.०५ व्होल्टच्या आत असेल तर चिंता नाही. रोज वाढत असेल तर एक सेल खराब होतोय, आणि मग जोडीच बदला. एक नवा आणि एक जुना असा संसार चालत नाही.

सेलला सोल्डरिंग गनने डाग देऊ नका. आतली सीलं उष्णतेने खराब होतात. निकेलच्या पट्टीने स्पॉट-वेल्ड करून घ्या किंवा चांगला होल्डर वापरा. होल्डरही पारखून घ्या: स्वस्त होल्डरच्या स्प्रिंग आणि केसासारख्या तारा मिळून ०.१ ओहम सहज भरतात. ३ अँपिअरला तिथेच ०.३ व्होल्ट गेले.

ड्रायव्हरबद्दल थोडंसं. सगळीकडे मिळणारा एल२९८एन जुन्या बायपोलर पद्धतीचा आहे. १ अँपिअरला त्यात दोन ते तीन व्होल्ट गळतात, म्हणजे बॅटरीतल्या विजेचा चौथा हिस्सा किंवा त्याहून जास्त त्याच्या काळ्या हीटसिंकवर जातो. टीबी६६१२ मॉस्फेटचा आहे, गळती फारच कमी. मात्र त्याची सततची मर्यादा १.२ अँपिअर प्रति मोटर आहे आणि पूर्ण भरलेला पॅक ८.४ व्होल्ट देतो, म्हणून कोडमध्ये पीडब्ल्यूएमची कमाल ७० टक्क्यांवर बांधा. मोटरला सरासरी ६ च्या आसपास मिळतील.

तारा

पॅकच्या प्लसला, जितकं जवळ जमेल तितकं, ५ अँपिअरचा ब्लेड फ्यूज लावा. होल्डरसकट तो टू-व्हीलरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो. त्यानंतर मुख्य स्विच. स्विचपासून दोन वेगळ्या जोड्या काढा: एक मोटर ड्रायव्हरला, एक बक कन्व्हर्टरला. दोन्हींचे मायनस पॅकपाशीच एकत्र यावेत. मोटरचा करंट ब्रेडबोर्डमधून नेऊ नका. मुख्य तार ०.७५ चौरस मिलिमीटरची पुरते. ड्रायव्हरच्या पुरवठ्यावर १००० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचा कपॅसिटर, आणि प्रत्येक मोटरच्या टोकांवर ‘१०४’ छापलेला सिरॅमिक कपॅसिटर. इतकं केल्यावर बहुतेक रोबोटांचं रिसेट होणं थांबतं.

पॅकमध्ये किती उरलं आहे?

पॅकचं व्होल्टेज विभागून बोर्डाच्या पिनला वाचता येईल इतकं करायला दोन रेझिस्टर पुरतात. आर्डुइनो उनोला १० आणि १० किलोओहम, म्हणजे ८.४ चे ४.२ व्होल्ट होतात. ईएसपी३२ ला २० आणि १० किलोओहम, म्हणजे २.८. ही जोडी स्विचनंतर, बोर्डाच्या बाजूला लावा, नाहीतर बंद रोबोटमधूनही रोज काही मिलिअँपिअर-तास झिरपत राहतात.

वाचन कधी घेता याला फार महत्त्व आहे. उंबरठा चढताना व्होल्टेज क्षणभर कोसळतं आणि भरलेला पॅकही रिकामा वाटतो. मोटर थांबवून एक-दोन सेकंदांनी वाचा, किंवा दहा सेकंदांची सरासरी घ्या. शांत अवस्थेत प्रति सेल ३.७ ते ३.८ म्हणजे निम्म्याच्या आसपास, ३.५ नंतर उतार तीव्र होतो. घरी परतायची आज्ञा ३.५ वर द्या, सगळं बंद करायची ३.२ वर. संरक्षक चिपची २.४ ची मर्यादा ही अपघातासाठी आहे, रोजच्या वापरासाठी तिच्यावर विसंबू नका.

स्वतःहून चार्जरवर जाणारा रोबोट

ही कल्पना फार जुनी आहे. ब्रिस्टलमध्ये ग्रे वॉल्टर या मेंदूशास्त्रज्ञाने १९४८-४९ मध्ये ‘एल्मर’ आणि ‘एल्सी’ ही चाकांची कासवं बनवली. बॅटरी उतरत आली की ती आपल्या खुराड्यातल्या दिव्याकडे ओढली जात आणि तिथे चार्ज होत. १९६० च्या दशकात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतला एक रोबोट कॉरिडॉरच्या भिंती चाचपत विजेचं सॉकेट शोधत असे. आज घरी हे करायला फार थोडं लागतं.

निर्णय एकच नीट घ्यायचा: चार्जर डॉकमध्ये, म्हणजे रोबोट चार्ज व्हायला येऊन टेकतो त्या ठाण्यात, ठेवायचा की रोबोटवर? रोबोटवर ठेवा. डॉकमधून फक्त साधे ५ व्होल्ट द्या. कारण दोन पट्ट्या टेकतात तिथे नेहमी थोडा रोध असतो. तो ०.२ ओहम असेल तर १ अँपिअरला ०.२ व्होल्ट तिथेच जातात. चार्जर डॉकमध्ये असेल तर त्याला ४.२ दिसतात आणि सेल अजून ४.० वरच असतो. चार्जर सेलशेजारी असेल तर त्याचं मोजमाप या रोधामुळे बिघडत नाही.

पट्ट्या अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या पितळेच्या घ्या. बोहरी आळीत हार्डवेअरच्या दुकानांत विचारा. डॉकवरच्या पट्ट्या ३० ते ४० मिलिमीटर रुंद ठेवा, म्हणजे रोबोट थोडा तिरका आला तरी टेकेल, आणि रोबोटवर स्प्रिंगचे संपर्क ठेवा. प्लस आणि मायनस वेगवेगळ्या उंचीवर लावा, म्हणजे उलटे टेकण्याचा प्रश्नच येत नाही. टीपी४०५६ सेलमधली वीज उलटी बाहेर येऊ देत नाही, त्यामुळे फिरत्या रोबोटच्या उघड्या संपर्कांवर धोका नसतो. ८.४ व्होल्टचा पॅक असेल आणि चार्जर तशी खात्री देत नसेल, तर १एन५८२२ हा शॉटकी डायोड मध्ये टाका. नाहीतर महावितरणने देखभालीसाठी वीज बंद केली की डॉकवर उभा असलेला रोबोट अडॅप्टरमधून उलटा उतरत जातो. डायोडमध्ये ०.४ व्होल्टच्या आसपास जातात, तेवढं पुरवठ्यात धरा.

वाट शोधायला इन्फ्रारेडचे दोन झोत आणि टीएसओपी१७३८ सारखा रिसीव्हर वापरता येतो: डाव्या आणि उजव्या झोताला वेगळा संकेत, दोन्ही एकत्र दिसले की सरळ पुढे. पण गॅलरीतून ऊन येत असेल तर रिसीव्हर गोंधळतो. पहिल्यांदा करणाऱ्याने फरशीवर काळी टेप लावून डॉकपर्यंत रेषा आखावी आणि दोन लाइन सेन्सर वापरावेत. टेकल्याची खूण म्हणून चार्जरच्या ५ व्होल्टचं वाचन, पॅकसारखेच दोन रेझिस्टर लावून, एका पिनवर घ्या. तीन सेकंदांत ते आलं नाही तर दहा सेंटिमीटर मागे येऊन पुन्हा प्रयत्न. पाच वेळा फसलं तर थांबून बझर वाजवावा. उरलेली बॅटरी धडका मारण्यात घालवू नये. आणि डॉक सोडायची अट परतायच्या अटीहून बरीच वर ठेवा, प्रति सेल ४.१ व्होल्ट, नाहीतर रोबोट दिवसभर डॉकच्या दारात पुढे-मागे करत राहतो.

जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत पितळेवर थर चढतो आणि चार्जिंग मधूनच तुटू लागतं. आठवड्यातून एकदा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. थर घट्ट असेल तर ६०० नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवा.

सुट्टीत ठेवताना आणि शेवटी टाकताना

परीक्षा किंवा दिवाळीच्या सुट्टीत रोबोट महिनाभर पडून राहणार असेल तर सेल ३.८ व्होल्टवर आणून, पॅकचा कनेक्टर काढून, घरातल्या थंड जागी ठेवा. पूर्ण भरून ठेवला तर उन्हाळ्यात क्षमता लवकर घटते. पूर्ण उतरवून ठेवला तर आणखी खाली जाऊन मरतो. २.५ च्या खाली बरेच दिवस राहिलेला सेल पुन्हा चार्ज करू नका. व्होल्टेज वर आलं तरी आतून तो बिघडलेला असू शकतो.

चार्जिंग फरशीवर किंवा टाइलवर करा, गादीवर किंवा पुस्तकांच्या ढिगावर नको, आणि सगळे झोपलेले असताना नको. फुगलेली थैली दाबून सपाट करायचा प्रयत्न करू नका, तिला टोचू नका, तिला चार्जर लावू नका. टोकांना चिकटपट्टी लावा, वाळू घातलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवा आणि डबा गॅलरीत, उन्हाबाहेर. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ नुसार वापरलेल्या बॅटऱ्या इतर घरगुती कचऱ्यात मिसळायच्या नाहीत. सुक्या कचऱ्याच्या पिशवीत गेलेला सेल गाडीत दाबला गेला तर पेट घेऊ शकतो, किंवा ती पिशवी हाताळणाऱ्या कचरावेचकाच्या हातातच पेटू शकतो. तेव्हा ई-कचरा संकलनात वेगळा द्या, आणि देताना ‘लिथियम आहे’ असं तोंडाने सांगा.